ओळ, तळटीप आणि ऐकणारा

१९७० च्या दशकातील इंग्रजी रॉक गीतांचे शब्द जमवून त्यांवर टिपा लिहिण्याचे काम वरकरणी कोशकाराच्या कामाच्या जातीचे दिसते: ओळ घ्यायची, तिच्यात आलेली व्यक्ती, स्थळ किंवा घटना ओळखायची, साल तपासायचे आणि पुढच्या ओळीकडे वळायचे. प्रत्यक्षात अशा कामात ओळ एकटी कधीच हाती येत नाही. तिच्याबरोबर पन्नास वर्षे चालत आलेला वाद येतो, त्या वादात दोन्ही बाजूंनी जमवलेले पुरावे येतात आणि हा अर्थ आपण स्वतः शोधून काढला, हा चाहत्यांचा अभिमानही येतो. टिपाकाराने, म्हणजे गीताच्या शब्दांचे संदर्भ देणाऱ्या आणि त्यांना लावले गेलेले अर्थ नोंदवणाऱ्या अभ्यासकाने, या वादाला अडगळ मानले तर त्याच्या टिपा कोरड्या होतात, आणि तो स्वतःच वादातला एक पक्ष झाला तर त्या टिपांवर कोणी विश्वास ठेवत नाही. या कामात काही काळ घालवल्यावर एक गोष्ट पटत जाते, ती अशी की ओळीचा अर्थ काय हे विचारण्याआधी तो अर्थ कोणाला, केव्हा आणि कशातून ऐकू आला हे विचारावे लागते.

या काळातच एवढी गूढ गीते का निर्माण झाली, याचे कारण गीतकारांच्या स्वभावात किंवा त्यांच्या व्यसनांत शोधण्याची रीत आहे. परंतु टिपाकाराला ते आधी वस्तूंत सापडते. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या एल.पी. तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावत असे, अमेरिकेतील एफ.एम. केंद्रे साठच्या दशकाच्या अखेरीपासून लांब गीते अखंड वाजवू लागली होती, आणि बीटल्सच्या १९६७ च्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ या अल्बमच्या मागच्या बाजूस सगळ्या गीतांचे शब्द छापले गेल्यापासून गीत ही वाचण्याचीही वस्तू झाली होती. नोव्हेंबर १९७१ मध्ये आलेल्या लेड झेपलिनच्या चौथ्या अल्बमच्या बाहेरच्या कव्हरवर बँडचे नाव नव्हते आणि अल्बमला शीर्षकही नव्हते. आत चौघा कलावंतांनी स्वतःसाठी निवडलेली चार चिन्हे होती आणि तबकडीच्या आतल्या पाकिटावर ‘स्टेअरवे टू हेवन’ या एकाच गीताचे शब्द जुन्या वळणाच्या टाइपात छापलेले होते. हे गीत त्या काळी अमेरिकेत एकल तबकडी म्हणून विक्रीस आले नाही, त्यामुळे ज्याला ते घरी हवे असेल त्याला पूर्ण अल्बम घ्यावा लागे आणि अल्बमबरोबर ते पाकीटही त्याच्या हाती येई. इतर गीतांचे शब्द वगळून एकाचेच छापले, यावरून ते वाचावे, त्याचा उलगडा करावा, असे आमंत्रणच आपल्याला मिळाले आहे, असे ऐकणाऱ्याला वाटले तर त्यात वावगे काही नव्हते. बँडचा गायक रॉबर्ट प्लांट याने हे शब्द इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यातील हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत लिहिण्यास घेतले आणि त्या सुमारास तो लुईस स्पेन्स या लेखकाचे केल्टिक ब्रिटनमधील जादूविद्येवरील पुस्तक वाचत होता, एवढी माहिती टिपेत आली म्हणजे गीतातल्या वनातील आणि ऋतूंच्या प्रतिमांचे कूळ कळते; पण ती पाकिटावरची छपाई टिपेत आली नाही, तर वाद का पेटला हे कधीच कळत नाही.

अर्थ लावण्याचा हा नाद केवळ तरुण चाहत्यांचा होता, असे समजणे चुकीचे ठरेल. मार्च १९७१ मध्ये अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाने, म्हणजे रेडिओ केंद्रांना परवाने देणाऱ्या सरकारी यंत्रणेने, अमली पदार्थांकडे झुकणाऱ्या गीतांविषयी एक सूचना काढली आणि आपण काय वाजवतो याचे ज्ञान केंद्रचालकांना असले पाहिजे, असे बजावले. येल विद्यापीठाशी जोडलेल्या एका केंद्राने या सूचनेला आव्हान दिले; १९७३ मध्ये अपील न्यायालयाने आयोगाची बाजू उचलून धरली. याचा व्यवहारातला परिणाम असा झाला की जो निवेदक काल तबकडी वाजवून मोकळा होत होता, त्याच्यावर शब्दांचा अर्थ लावण्याची जबाबदारी येऊन पडली, तीही परवाना जाण्याच्या टांगत्या तलवारीखाली. त्या काळातील चाहत्यांचे तर्क वाचताना जो संशयाचा सूर वारंवार जाणवतो, प्रत्येक पांढऱ्या वस्तूत हेरॉइन आणि प्रत्येक प्रवासात नशा पाहण्याची जी सवय दिसते, तिला या सरकारी संशयाचे वातावरण बरेचसे कारणीभूत होते, आणि हा दुवा ध्यानात घेतल्यावाचून त्या तर्कांना हसणे अन्यायाचे आहे.

टिपाकाराची खरी परीक्षा डॉन मॅक्लीनच्या ‘अमेरिकन पाय’ या गीतापाशी होते. १९७१ च्या अखेरीस आलेले हे गीत साडेआठ मिनिटांहून लांब असल्यामुळे एकल तबकडीच्या दोन बाजूंवर विभागावे लागले, तरीही जानेवारी १९७२ मध्ये ते अमेरिकेतील विक्रीच्या यादीत पहिल्या स्थानावर पोहोचले आणि चार आठवडे तिथे राहिले. गीताचा आरंभ ज्या घटनेशी बांधलेला आहे तिच्याविषयी वाद नाही: ३ फेब्रुवारी १९५९ रोजी आयोवा राज्यातील क्लिअर लेक गावाजवळ एक छोटे विमान कोसळले आणि त्यात बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि ‘बिग बॉपर’ या नावाने ओळखला जाणारा जे. पी. रिचर्डसन हे तीन गायक आणि वैमानिक मरण पावले. मॅक्लीन तेव्हा तेरा वर्षांचा होता, न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेल येथे घरोघर वर्तमानपत्रे टाकत होता आणि ही बातमी त्याला त्याच गठ्ठ्यातून कळली. पुढे त्याने अल्बम हॉलीला अर्पण केला. इथपर्यंत टिपा लिहिणे सोपे आहे. त्यानंतरच्या कडव्यांत मात्र नावे नाहीत. राजा, राणी, विदूषक, सैतान अशी पात्रे आहेत, आणि शिकागोच्या डब्ल्यू.सी.एफ.एल. केंद्रावरील निवेदक बॉब डिअरबॉर्न याने जानेवारी १९७२ मध्येच त्यांचा ओळवार उलगडा श्रोत्यांपुढे मांडला आणि मागणाऱ्यांना त्याच्या प्रती पाठवल्या. राजा म्हणजे एल्व्हिस प्रेस्ली, विदूषक म्हणजे बॉब डिलन आणि शेवटचा भयाण प्रसंग म्हणजे डिसेंबर १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील ऑल्टमाँट येथे रोलिंग स्टोन्सच्या मैफलीत झालेला हिंसाचार, असा जो समज पुढे शाळांच्या वर्गांपर्यंत पोहोचला, तो अशाच उलगड्यांतून रुजला.

मॅक्लीनने कित्येक दशके गीताचे पूर्ण स्पष्टीकरण देण्याचे टाळले. एप्रिल २०१५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात या गीताचे हस्तलिखित बारा लाख डॉलर्सना विकले गेले, तेव्हा आता कुलूप उघडेल अशी अपेक्षा अनेकांनी केली. पण हस्तलिखितात खाडाखोड आणि टाकून दिलेल्या ओळी असतात, उत्तरे नसतात. २०२२ च्या एका माहितीपटात मॅक्लीनने राजा म्हणजे प्रेस्ली नव्हे आणि विदूषक म्हणजे डिलन नव्हे, असे सांगितले. या कथनानंतर टिपाकाराने काय करावे, जुना अर्थ खोडून टाकावा काय, हा प्रश्न काम करणाऱ्याला खरोखर अस्वस्थ करतो, कारण लेखकाचा शब्द डावलणे उद्धटपणाचे वाटते आणि पन्नास वर्षे लाखो माणसांनी ज्या अर्थाने ते गीत ऐकले तो अर्थ पुसून टाकणे खोटेपणाचे वाटते. योग्य मार्ग दोन्ही नोंदी सालासह ठेवण्याचा आहे. विदूषक म्हणजे डिलन, हे १९७२ च्या श्रोत्यांविषयीचे विधान म्हणून पूर्ण सत्य आहे: ज्या पिढीने दहा वर्षांत केनेडी, मार्टिन ल्यूथर किंग आणि व्हिएतनाम पाहिले, तिला आपल्या संगीताचा इतिहास राजदरबाराच्या गोष्टीसारखा सांगितला जाणे हवे होते, आणि गीतातील रिकाम्या सिंहासनांवर तिने आपली माणसे बसवली.

भारतीय काव्यशास्त्राचा संस्कार असलेल्या वाचकाला येथे एक उपयुक्त भेद हाताशी असतो. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त जो व्यंग्यार्थ मांडला, म्हणजे शब्दांच्या सरळ अर्थापलीकडे सूचित होणारा आणि सहृदयाच्या मनात उमटणारा अर्थ, तो कूटाच्या उत्तरापेक्षा निराळा आहे; कूट एकदा सुटले की संपते, व्यंग्यार्थ कळल्यावरही ओळ पुन्हा ऐकावीशी वाटते. चाहत्यांच्या वादातील बराचसा कडवटपणा व्यंग्यार्थाला कूटाचे नियम लावल्यामुळे येतो. कार्ली सायमनच्या १९७२ च्या ‘यू आर सो व्हेन’ या गीतातील गर्विष्ठ पुरुष कोण, या प्रश्नाला कूटाचे नियम लागू पडतात, म्हणूनच त्याचे गुपित २००३ मध्ये धर्मादाय लिलावात पन्नास हजार डॉलर्सना जाऊ शकले आणि २०१५ मध्ये दुसरे कडवे अभिनेता वॉरन बेट्टीविषयी आहे असे तिने सांगितल्यावर त्या कडव्यापुरता वाद मिटला. ‘स्टेअरवे टू हेवन’चे असे काही होणे शक्य नाही.

ऐकण्याच्या शिस्तीविषयी या कामातून जे शिकायला मिळते ते सर्वांत मोलाचे आहे. १९८२ मध्ये कॅलिफोर्निया विधिमंडळाच्या एका समितीपुढे ‘स्टेअरवे टू हेवन’चा भाग उलटा वाजवून त्यात सैतानाची स्तुती ऐकू येते, असा दावा केला गेला. कॅनडातील लेथब्रिज विद्यापीठातील जॉन व्होकी आणि डॉन रीड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवून दिले की उलट वाजवलेल्या बोलण्याचा अर्थ श्रोत्यांना कळत नाही, मात्र काय ऐकू येईल हे आधी सांगितले तर ते ऐकू येऊ लागते. हा निष्कर्ष केवळ उलट्या तबकडीपुरता नाही. सरळ वाजणाऱ्या गीतातही इलेक्ट्रिक गिटारच्या थरांखाली दबलेली, गायकाने स्वर लांबवून मोडलेली ओळ कोणीतरी सुचवलेल्या शब्दांत ऐकू येते, आणि एकदा तशी ऐकू आली की कान ते शब्द सोडायला तयार होत नाही. म्हणून टिपाकाराने आधी छापील शब्द न पाहता गीत ऐकावे, जे ऐकू आले ते लिहून ठेवावे, मग अल्बमवरचा पाठ पाहावा आणि त्यानंतरच इतरांचे अर्थ वाचावेत. हा क्रम उलटला तर त्याचे स्वतःचे ऐकणे कायमचे हातचे जाते. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या १९७३ च्या ‘ब्लाइंडेड बाय द लाइट’ या गीताचे मॅनफ्रेड मान्स अर्थ बँडने केलेले रूप १९७७ मध्ये अमेरिकेत पहिल्या स्थानावर गेले, त्यात धृपदातली एक ओळ बदललेली होती आणि श्रोत्यांच्या कानांनी तिचे तिसरेच काहीतरी केले. या चुकीच्या ऐकण्यावर रचलेले अर्थ टाकून द्यावेत असे वाटते खरे, पण त्यांची नोंद ठेवली तर ध्वनिमुद्रणात शब्द कुठे बुडतो हे नेमके कळते. याच गीताविषयी आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते: स्प्रिंगस्टीनने ते यमकांचा कोश जवळ ठेवून लिहिल्याचे सांगितले आहे, आणि ज्या ओळीत शब्द नादाच्या ओढीने आला आहे, तिथे गुप्त संदेश शोधणाऱ्याने आधी यमक तपासून पाहिलेले बरे.

डेव्हिड बोवीच्या बाबतीत ही सावधगिरीही पुरत नाही. १९७४ च्या ‘डायमंड डॉग्ज’च्या सुमारास त्याने विल्यम बरोज या कादंबरीकाराकडून ‘कट-अप’ ही रीत घेतली, म्हणजे लिहिलेला मजकूर कात्रीने कापून तुकडे नव्याने जुळवायचे आणि अनपेक्षित जोड मिळाली तर ठेवायची. १९७५ मध्ये बी.बी.सी.ने दाखवलेल्या ‘क्रॅक्ड अ‍ॅक्टर’ या माहितीपटात तो हे करताना दिसतो. दोन प्रतिमा शेजारी का आल्या याचे उत्तर तेथे कात्री हेच असू शकते. तरीही चाहत्यांचा अर्थ व्यर्थ ठरत नाही, कारण हाती आलेल्या जोडण्यांतून एक ठेवण्याचा आणि दुसरी फेकण्याचा निर्णय बोवीचाच होता आणि त्या निर्णयाला कारण असतेच.

इंग्रजी रॉकमधील एका प्रसंगी टिपाकाराला थेट भारतीय ग्रंथपरंपरेकडे जावे लागते आणि तेथेच तो सर्वाधिक घसरण्याचा संभव असतो. यस या ब्रिटिश बँडचा ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ हा १९७३ च्या डिसेंबरात आलेला अल्बम दोन तबकड्यांच्या चार बाजूंवर चार दीर्घ रचना मांडतो. त्याची प्रेरणा गायक जॉन अँडरसनने अल्बमवरच सांगितली आहे: टोकियोच्या हॉटेलात मैफलीपूर्वी परमहंस योगानंदांचे आत्मचरित्र चाळताना ८३ व्या पानावरील एक लांबलचक तळटीप त्याच्या नजरेस पडली, आणि तीत श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र अशी शास्त्रांची चौपदरी विभागणी दिलेली होती. पाश्चात्त्य चाहत्यांना या चार नावांमागे एक अथांग विद्या दिसली आणि त्यांनी प्रत्येक बाजूला एकेक शास्त्र जुळवून पाहण्यासाठी फार मेहनत घेतली. भारतीय वाचकाचा मोह उलट दिशेचा असतो: ही नावे त्याला लहानपणापासून ओळखीची असल्यामुळे तो वेदांपासून आगमांपर्यंतचे सगळे ज्ञान त्या गीतांवर पांघरू पाहतो. पण अँडरसनसमोर वेद नव्हते. त्याच्यासमोर इंग्रजीत लिहिलेल्या एका पुस्तकातील एक टीप होती, सोबतीला बँडमधील स्टीव्ह हाऊची गिटार होती आणि चार बाजू भरण्याची महत्त्वाकांक्षा होती. गीताचा संदर्भ देताना त्या तळटिपेपाशीच थांबणे हा या कामातला कठीण संयम आहे, आणि तो पाळला तर गीत लहान होत नाही. कोणत्या धाग्यावर केवढे विणकाम उभे राहिले हे तेव्हा नीट दिसते आणि अँडरसनविषयीचा आदर वाढतो.

‘हॉटेल कॅलिफोर्निया’विषयी थोडक्यात लिहिणे पुरेसे आहे, कारण त्याच्या अर्थांची चर्चा सर्वज्ञात आहे. १९७६ च्या अखेरीस आलेल्या ईगल्सच्या या गीतात कोणी कॅलिफोर्नियातील कॅमारिलोचे मनोरुग्णालय पाहिले, कोणी अल्बमच्या आतल्या छायाचित्रातील सज्जातल्या आकृतीवरून सैतानपूजकांचा पंथ पाहिला. बँडमधील डॉन हेन्लीने ते निरागसतेकडून अनुभवाकडे जाणारा प्रवास असल्याचे सांगितले. या सर्वांत टिपाकाराला अधिक आनंद देणारा तपशील निराळा आहे: स्टीली डॅन या बँडने १९७६ च्या ‘द रॉयल स्कॅम’मधील एका गीतात ईगल्सचा उल्लेख केला होता आणि ईगल्सने त्याला या गीतातील एका शब्दाने मैत्रीपूर्ण उत्तर दिले. हा अर्थ गूढविद्येने सापडत नाही. शेजारच्या तबकड्याही त्याच आस्थेने ऐकणाऱ्या श्रोत्यालाच तो सापडतो.

शोधाला मर्यादा कुठे असावी, हे डिलनच्या बाबतीत उघड झाले. स्वतःला ‘डिलनशास्त्रज्ञ’ म्हणवणारा ए. जे. वेबरमन १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या मॅकडूगल स्ट्रीटवरील डिलनच्या घराबाहेरचा कचरा उपसून त्यात गीतांच्या किल्ल्या शोधत असे. चाहत्यांच्या आस्थेविषयी कितीही सहानुभूती बाळगली तरी हे समर्थनीय नाही. गीतकाराने जे ऐकण्यासाठी आणि वाचण्यासाठी दिले ते टिपेचे क्षेत्र. जे त्याने फेकून दिले ते त्याच्या घरचे.

हीच मर्यादा क्वीनच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’पाशी महाराष्ट्रातील अभ्यासकाला स्वतःला लागू करावी लागते. ऑक्टोबर १९७५ मध्ये आलेल्या आणि ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या स्थानावर राहिलेल्या या गीताचा कर्ता फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला फरोख बलसारा. पारशी कुटुंबातला हा मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात वाढला, तेथे पियानो शिकला आणि ‘हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये वाजवू लागला. गीताच्या मध्यभागी ऑपेराच्या धर्तीवर इटालियन नावांच्या गर्दीत एक अरबी मंगलाचरण येते, आणि त्यावरून त्याच्या धर्माविषयी, बालपणाविषयी, आईपासून दूर राहिलेल्या मुलाच्या दुःखाविषयी अर्थ लावले जातात. पाचगणी माहीत असलेल्या माणसाला हे शेवटचे अर्थ फार जवळचे वाटतात. सह्याद्रीच्या पठारावरील थंड हवेतले वसतिगृह आणि समुद्रापलीकडचे घर यांत त्या गीताची आर्तता ऐकू येणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु मर्क्युरीने आयुष्यभर अर्थ सांगण्याचे नाकारले, आणि २०२३ मध्ये सदबीजच्या लिलावापूर्वी लोकांसमोर आलेल्या त्याच्या कच्च्या खर्ड्यांवर, जे एका विमान कंपनीच्या कागदांवर लिहिलेले होते, ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’ असे खोडलेले शीर्षक सापडले, ज्याची अपेक्षा कोणत्याही चरित्राधारित अर्थाने केली नव्हती. म्हणून या गीताच्या टिपेत पाचगणीची शाळा, तेथील पियानोचे शिक्षण आणि पारशी जन्म ही माहिती मर्क्युरीच्या नावाखाली येते, त्या आर्त ओळीखाली येत नाही. ओळीखाली चाहत्यांचे अर्थ येतात, आणि पाचगणीचा अर्थही त्यांच्याच रांगेत, तो महाराष्ट्रातील श्रोत्यांना ऐकू येतो अशी नोंद करून, लिहिला जातो.